साडेएकतीस दात

माझ्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात रोज सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस येतो. त्याच्याकडे घड्याळ नाही. दारात उभा राहून तो विचारतो, "किती वाजले?" मी मान वर न करता भिंतीकडे बोट दाखवायचो. भिंतीवर दुरुस्तीला आलेली चौदा घड्याळं आणि प्रत्येकाचं मत वेगळं. तो त्यातलं एखादं निवडायचा, "बरं," म्हणायचा आणि शेजारच्या आपल्या कारखान्यात परत जायचा.

पहिली काही वर्षं मला याचा फार राग यायचा. मी मुळात तिरसट आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नये. एकदा मी म्हणालोच, "अहो, वेळ कळून तुम्हाला करायचंय काय? कुठली गाडी पकडायचीय, की कुणी वाट बघतंय?"

"नाही. तसं काही नाही," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी अकराला पुन्हा हजर.

खूप उशिरा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या तोंडून दिवसभरात बाहेर पडणारे पहिले शब्द तेच असायचे, आणि बऱ्याचदा शेवटचेही. तेव्हापासून मी मान वर करून उत्तर द्यायला लागलो.

या माणसाला सगळे थोरले म्हणतात. मीही म्हणतो, आणि यापुढे आदरानेच लिहितो. थोरले कातारी आहेत, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून कातणारे. टेबलांचे पाय, जिन्याचे कठडे, लाटणी, डबे, दिव्यांचे खांब. त्यांच्या हातचं लाकूड इतकं गुळगुळीत असतं की माशी बसली तर घसरेल. कारखान्यात पुढे लेथ, मागे एक खोली, त्या खोलीत एक खाट, एक ताट, एक कप. लग्न केलं नाही. का नाही, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांचं आमचं तसं चांगलं जमतं.

थोरले म्हटलं की धाकटा आलाच. धाकटा होता, आणि तीनच गल्ल्या पलीकडे होता. दोघा भावांनी या कारखान्यात एकत्र काम केलं, समोरासमोर दोन लेथ टाकून. मग वडील वारले. धाकट्याने एक नवीन यंत्र आणायचं काढलं, एका पायावरून शंभर पाय हुबेहूब कातून देणारं. थोरले म्हणाले, "तुला कारागिरी नकोय, गिरणी हवीय." धाकटा म्हणाला, "दादा, तुला भाऊ नकोय, हमाल हवाय." दोन्ही वाक्यं रागाच्या भरातली. पण काही घरांत रागाच्या भरातली वाक्यं दगडावर कोरल्यासारखी धरून ठेवतात, त्यातलं हे घर.

वाटणी करायला मामा आला. एक पटाशी तुला, एक पटाशी त्याला, एक कानस तुला, एक त्याला, असं करत सगळी हत्यारं वाटून झाली आणि शेवटी एकच वस्तू उरली. भिंगरी.

भिंगरी म्हणजे त्यांचं नक्षीचं हत्यार. फूटभर लाकडी दांडा, त्याच्या तोंडाला लोखंडाचं दुबेळकं, म्हणजे बेचकं, आणि दुबेळक्यात खिळ्यावर मोकळं फिरणारं नाण्याएवढं दातेरी चाक. लेथवर लाकूड गरगरत असताना चाक त्याला टेकवलं की चाकही फिरायला लागतं आणि एकेक दात लाकडात उमटत जातो. गुळगुळीत पायाच्या मधोमध अर्धं बोट रुंद पट्टा उठतो, बारीक शिवणीच्या टाक्यांसारखा. गावभर त्या पट्ट्यावरून यांचं काम ओळखलं जायचं.

भिंगरी दोघांनाही हवी होती. मामा बिचारा सकाळपासून उपाशी. त्याने हातोडीने खिळा ठोकून बाहेर काढला, चाक धाकट्याच्या हातावर ठेवलं, दांडा थोरल्यांच्या. म्हणाला, "घ्या. ज्याला नक्षी काढायची असेल त्याने दुसऱ्याच्या दारात जावं." त्याला वाटलं, आठ दिवसांत दोघांचं डोकं ठिकाणावर येईल.

याला बावीस वर्षं झाली. मामा कधीच गेला.

धाकट्याने आपला लेथ उचलून नेला, पण जमिनीत तो जिथं बसवला होता तिथली चार भोकं राहिली. बावीस वर्षांत त्यांत भुसा भरून गच्च बसला. एवढ्याशा कारखान्यात थोरल्यांना पाय ठेवायला जागा नसते, लाकडाचे ओंडके दारापर्यंत येतात, पण त्या चार भोकांच्या मधल्या जागेत त्यांनी कधी काही ठेवलं नाही. लोकांना वाटतं, तेवढं माणसाला वावरायला ठेवलंय. मी पाहिलंय, ते स्वतःही वळसा घालून जातात.

आणि या बावीस वर्षांत त्यांनी नक्षीचा एकही पट्टा काढला नाही. दांडा भिंतीवर खिळ्याला टांगलेला, रिकामा. त्यात घालायला दुसरं चाक करणं काही अशक्य नव्हतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

या वर्षी, एका महिन्याच्या सुरुवातीला, शाळेतल्या बाई आल्या. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गावाने त्यांच्या छड्या खाल्ल्या आहेत, मीही त्यात आलो. त्यांच्याबरोबर हातगाडीवर टेबलाचे दोन पाय होते, अक्रोडाच्या लाकडाचे. एक धडधाकट, दुसरा वाळवीने आतून पोखरलेला. टेबल त्यांच्या आईचं, दोघा भावांनी मिळून केलेलं. दोन्ही पायांवर भिंगरीचा पट्टा होता. मी नेमका तिथंच होतो, कारण माझ्या खुर्चीचा पाय हलत होता.

"असाच एक पाय हवाय," बाई म्हणाल्या. "मी आधी तुमच्या भावाकडे गेले होते. तो म्हणाला, हे काम दादाच करू शकेल."

थोरले पाय हातात घेऊन फिरवत राहिले.

"आणि निरोप दिलाय. म्हणाला, नक्षीचं चाक माझ्याकडे आहे. दादाला म्हणावं, ये आणि घेऊन जा. आणखी एक. महिनाअखेरीला तो दुकान बंद करून लेकीकडे राहायला चाललाय. कायमचा."

"त्याला पाठवता आलं असतं की चाक. तुमच्याच हाती," थोरले म्हणाले.

"मी तेच म्हटलं. तो म्हणाला, नाही, त्यालाच येऊ दे."

बाई गेल्यावर थोरले बराच वेळ त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत बसले. मी म्हणालो, "जा की. तीन गल्ल्या आहेत. पाच मिनिटांचं काम."

"त्यालाच येऊ दे म्हणे," थोरले म्हणाले. "अडला हरी, गाढवाचे पाय धरी. मी काही अडलेलो नाही. चाक करीन मी."

आता इथं माझी चूक सुरू होते, म्हणून ती नीट सांगतो. मी त्यांना ढकलत ढकलत न्यायला हवं होतं. त्याऐवजी माझ्यातला कारागीर जागा झाला. माझ्याकडे चाकाचे समान भाग पाडायची वडिलांच्या वेळची तबकडी आहे. घड्याळाच्या चाकाला शंभर दात पाडायचे तर केसाएवढाही फरक चालत नाही. मी म्हणालो, "थोरले, दात पाडायचं काम माझ्यावर सोडा." आणि ते चक्क हसले. बऱ्याच दिवसांनी माझं काही उपयोगी पडलं होतं, त्यामुळे मलाही बरं वाटलं.

पातळ कागद त्या चांगल्या पायाच्या पट्ट्यावर गुंडाळून आम्ही वरून पेन्सिल घासली. नक्षी कागदावर उतरली. मोजली. एका फेरीत तीन वेळा तोच क्रम येत होता, म्हणजे पायाचा घेर चाकाच्या घेराच्या बरोबर तिप्पट. हे असंच लागतं. घेर चुकला तर दुसऱ्या फेरीला दात आपल्याच खुणांवर चढतात आणि सगळा चिखल होतो. क्रम होता बत्तीस दातांचा. थोरल्यांनी एक जुनी कानस भट्टीत लाल केली, राखेत पुरून सावकाश गार होऊ दिली, म्हणजे पोलाद मऊ पडतं. तिच्यातून चकती कापली. मी तबकडीवर बत्तीस दात पाडले, एकासारखा एक. मग त्यांनी चाकाला पाणी दिलं: लाल करून तेलात बुडवलं, आणि पुन्हा हलकेच तापवून वाळक्या गवताच्या रंगावर आणून थांबवलं. भिंतीवरचा दांडा उतरवला, चाक बसवलं, खिळा ठोकला, आणि एका रद्दी ओंडक्यावर टेकवलं. किर्रर्र करून सुंदर पट्टा उठला. मी खूश.

थोरल्यांनी लेथ थांबवला, जुना पाय शेजारी धरला आणि म्हणाले, "हे नाही."

"काय नाही? बत्तीस आहेत. मोजून घ्या."

"बत्तीस नाहीत. एकतीस आणि एक अर्धा. आणि ते असे नाहीत."

मी भिंग लावलं. बघतो तर खरंच. जुन्या नक्षीतले अर्धे टाके जरासे उजवीकडे झुकलेले, अर्धे डावीकडे, आणि जिथं हे दोन गट भेटत होते तिथं एक चिमुकला, अरुंद टाका, गर्दीत चेंगरल्यासारखा. मी म्हणालो, "म्हणजे तुमचं जुनं चाकच चुकलेलं होतं. माझं बरोबर आहे." हे मी आजही म्हणेन.

तेव्हा त्यांनी सांगितलं. भिंगरी केली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि धाकटा सतरा. चकती पकडीत आवळून दोघं दोन बाजूंना बसले. एका खुणेपासून थोरल्यांनी उजवीकडे दात घासत जायचं, धाकट्याने डावीकडे, आणि पलीकडे भेटायचं. तबकडी वगैरे काही नाही, सगळं नजरेने. धाकटा डावरा. त्यामुळे त्याचे दात दुसरीकडे झुकले. आणि दोघं पलीकडे पोचले तेव्हा पुऱ्या दाताला जागाच उरली नव्हती. वडिलांनी चाक उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "दोघांचं काम चांगलं, भेट तेवढी अवघड झाली." मग बराच वेळ तिघं हसत होते.

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा म्हणालो, "मग जा ना त्याच्याकडे. असलं चाक जगात एकच असणार."

"करतो मी," ते म्हणाले.

पुढचे बारा दिवस त्यांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. मी मधूनमधून डोकावायचो. दारातून दिसायचं ते असं: पकडीत चकती, समोर रिकामं स्टूल, आणि थोरले उजव्या हाताने सोळा दात घासून झाल्यावर उठायचे, पलीकडच्या स्टुलावर जाऊन बसायचे, आणि कानस डाव्या हातात घ्यायचे. अडुसष्ट वर्षांचा उजवा माणूस डाव्या हाताने घासतोय, जीभ दातांत धरलेली, कपाळावर घाम. डावा हात ऐकायचा नाही. कानस घसरायची. बोटांना चिंध्या बांधलेल्या. चार चकत्या फुकट गेल्या. मला ते बघवत नव्हतं, खरं सांगतो. दोन माणसांच्या कामासाठी एकच माणूस स्टुलं बदलत होता. मी परत येऊन माझ्या घड्याळांवर उगाच करवादायचो.

पाचवी चकती जमली. एकतीस आणि अर्धा. त्या दिवशी त्यांनी अक्रोडाचा नवा पाय लेथवर चढवला, कातला, घासला. मधला पट्टा जुन्या पायाच्या मापाचा होईपर्यंत तीनदा कंपास लावून पाहिला. मग लेथचा वेग कमी केला, दांडा टेकूवर ठेवला, दोन्ही कोपरं अंगाशी घेतली आणि चाक टेकवलं. आधी अगदी हलकं, दात आपली वाट शोधेपर्यंत. मग दाब दिला. पट्टा उठला. लेथ थांबल्यावर आम्ही दोन्ही पाय शेजारी ठेवले आणि डोळे मिटून अंगठा फिरवला. कुठला जुना आणि कुठला नवा, ते मला सांगता आलं नाही. रंगाचा फरक तेवढा होता, तो वर्षभरात जातो.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. हे चाक बिघडलं असतं तर यांना झक मारत भावाकडे जावं लागलं असतं, आणि मी शहाणा भट्टीजवळ उभा राहून हातभार लावत होतो.

पण झालं भलतंच. थोरले चाक पुसता पुसता म्हणाले, "घड्याळजी, चला."

"कुठं?"

"त्याला दाखवून येऊ. दुसऱ्या कुणाला कळणार नाही हे."

मला इतका आनंद झाला की मी दुकानाला कुलूप लावायला विसरलो. महिना संपायला पाच दिवस होते. थोरल्यांनी धुतलेला सदरा घातला, भिंगरी मऊ फडक्यात गुंडाळली आणि आम्ही निघालो. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. "काय म्हणायचं गेल्यावर?" मी म्हणालो, "काही म्हणू नका. दाखवा." आयुष्यात इतका वाईट सल्ला मी कुणाला दिला नसेल.

धाकट्याचं दुकान जवळजवळ रिकामं झालं होतं. ते शंभर पाय कातणारं यंत्र विकलं गेलं होतं. भिंतींवर हत्यारांच्या आकाराचे फिके डाग. धाकटा केर काढत होता. दादाला दारात बघून त्याने झाडू भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले. डोक्यावरचे सगळे केस गेलेले, पण तोंडवळा तोच.

"ये," तो म्हणाला.

दुकानात एकच टेबल राहिलं होतं, आणि त्यावर एक पांढरं फडकं पसरून मधोमध ते जुनं चाक ठेवलेलं होतं. तेल लावून पुसलेलं. शेजारी नवीन खिळा. बाई निरोप घेऊन गेल्यापासून ते तिथंच असणार. मी दाराच्या उजवीकडे उभा होतो म्हणून मला दिसलं. थोरल्यांची नजर हातातल्या गाठोड्यावर होती.

आत शिरल्या शिरल्या त्यांनी गाठोडं सोडून भिंगरी पुढे केली. "बघ."

धाकट्याने ती घेतली. चाक बोटाने फिरवलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. अंगठा एका दातावरून दुसऱ्या दातावर नेत तो पूर्ण फेरी फिरला आणि अर्ध्या दातापाशी थांबला.

"डाव्या हातानं घासलंस?"

"हो."

"कळतंय." मग थोड्या वेळाने, "पाणी कुठल्या रंगावर दिलंस?"

"गवती."

"बरोबर. निळ्यावर गेलं असतं तर मऊ पडलं असतं."

"म्हणून गवतीवरच थांबलो."

धाकट्याने भिंगरी परत दिली. "छान जमलंय, दादा. दोघांचं काम एकट्यानं केलंस. आता मी लागत नाही."

हे तो हसून म्हणाला. थोरलेही हसले. त्यांना ती शाबासकी वाटली. आणि त्याच वेळी धाकट्याचा डावा हात मागे टेबलावर गेला, त्याने फडक्याची चारही टोकं गोळा केली आणि चाक, खिळा, फडकं सगळं मुठीत घेऊन खिशात टाकलं. मी बघत होतो. एक वाक्य पुरलं असतं. "थोरले, त्याच्या खिशात काय आहे बघा." मी बोललो नाही. मला वाटलं, भावाभावांच्या मध्ये आपण कशाला तोंड घालायचं. वाटलं, कळेल त्यांचं त्यांना. आमचे थोरले गेले होते ताकाला, पण भांडं असं लपवलं होतं की समोरच्याला वाटावं, हे तर घरचं ताक दाखवायला आलेत.

पाच-दहा मिनिटं पोलादाबद्दल बोलणं झालं. "कधी निघतोस?" "रविवारी सकाळी." "बरं." आणि आम्ही बाहेर पडलो.

परत येताना थोरले खुशीत होते. "बघितलंत? लगेच ओळखलं त्यानं. डावा हात." कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून त्यांनी एक कप विकत घेतला. "निघायच्या आधी येईल तो निरोप घ्यायला," म्हणाले. शनिवारभर त्यांनी लेथ चालू केला नाही. आवाजात हाक ऐकू येणार नाही म्हणून. त्या दिवशी ते माझ्याकडे वेळ विचारायला सहा वेळा आले.

रविवारी धाकटा गेला. आला नाही. यायचं कशाला, त्याच्या हिशेबी थोरल्यांनी बावीस वर्षांनी येऊन, तुझ्यावाचून माझं काही अडत नाही, हे नीट फडक्यात गुंडाळून दाखवलं होतं.

घरी मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिने भाजी चिरणं थांबवलं. "मग तुम्ही तिथं गेला होतात कशाला? रिकामं दुकान बघायला?"

नंतरच्या दिवसांत थोरल्यांना नक्षीचं वेडच लागलं. डब्यांवर पट्टे, लाटण्यांवर पट्टे, झाडूच्या दांड्यावरही पट्टा. गावात कौतुक झालं. अकराला मात्र ते रोज यायचे. एक दिवस वेळ विचारून झाल्यावरही दारातून हलले नाहीत. म्हणाले, "जुनं चाक त्यानं टाकून दिलं असेल. नाहीतर एकदा तरी विचारलं असतं मला, हवंय का म्हणून."

मी भिंग काढून ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. फडकं, तेल, नवीन खिळा, डावा हात, खिसा.

ते माझ्या काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. चौदा घड्याळांचा आवाज एरवी मला ऐकू येत नाही, त्या वेळी येत होता. मग ते म्हणाले, "तुम्ही तिथंच होतात."

"होतो."

"मग बोलायचं होतंत, घड्याळजी."

ते गेले आणि त्यानंतर नऊ दिवस आलेच नाहीत. अकरा वाजले की माझा हात आपोआप भिंतीकडे उठायचा. शेजारून लेथचाही आवाज नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या नऊ दिवसांत मला माझं दुकान खायला उठलं.

दहाव्या दिवशी ते आले ते दांडा घेऊन. नवं चाक काढून टाकलेलं, दुबेळकं रिकामं. म्हणाले, "हा त्याला पाठवायचाय. बाईंकडे लेकीचा पत्ता आहे. चाक त्याच्याकडे आहेच, त्यात बसवील."

"सोबत चिठ्ठी?"

"नको. त्याला कळेल."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काही कळणार नाही. तुम्ही चाक दाखवलंत, त्याला काय कळलं? त्यानं येऊन घेऊन जा म्हटलं, तुम्हाला काय कळलं? नुसता दांडा मिळाला की तो म्हणेल, दादानं शेवटची वस्तूही परत केली, संबंध संपला. तुम्हा दोघांना लाकडातलं सगळं कळतं आणि बाकी काही कळत नाही. लिहा."

मी पावतीपुस्तकातला एक कागद उलटा करून समोर ठेवला आणि पेन दिलं. ते माझ्या खुर्चीत बसले, त्याच हलणाऱ्या. दुपार झाली. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. त्यांनी चार कागद फाडले, तेवढ्याच चकत्या फुकट गेल्या होत्या. पाचव्या कागदावर लिहिलेलं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. अक्षर मोठं, पहिलीतल्या मुलासारखं.

"चाक बसव आणि घेऊन ये. मला तू लागतोस. दादा."

मी दांडा पुठ्ठ्यात बांधला, चिठ्ठी दांड्याभोवती गुंडाळली, सुटू नये म्हणून दोऱ्याने तीन वेढे दिले, आणि स्वतः पोस्टात नेऊन दिला. त्याला आज एकवीस दिवस झाले.

अजून काही आलेलं नाही. थोरले अकराला येतात, पण वेळ विचारत नाहीत. "पोस्टमन येऊन गेला?" विचारतात. मी "हो" म्हणतो, ते "बरं" म्हणतात. नवं चाक त्यांच्या फळीवर पडून आहे. दुसरा दांडा करायचा तर त्यांना पाऊण तास पुरे. केलेला नाही.

काल त्यांनी माझ्या खुर्चीचा पाय एकदाचा करून दिला. गुळगुळीत. खुर्ची घ्यायला गेलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसून जमिनीवर काहीतरी करत होते. हातात लांब खिळा होता. धाकट्याच्या लेथच्या चार भोकांतला बावीस वर्षांचा भुसा त्यांनी उकरून काढला होता. तीन भोकं मोकळी झाली होती, चौथ्याचं काम चाललं होतं.